लाल दोऱ्याचा हार

रोमानियातल्या सुचावाच्या बसस्टँडवर इटलीच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू आणि सून उभ्या होत्या. मुलगा गाडीत सामान लावायला गेला होता.

“त्याला खाली बोलाव, रोदिका. ग्रिगोरे आज जाणार नाही.”

“आई, परवा कामावर हजर व्हायचंय त्याला.”

“काल सन्झियेनेच्या सणाला घरातल्या प्रत्येकाच्या नावाने छपरावर फुलांचा हार टाकला. सकाळी एक अंगणात पडलेला. ज्याचा हार पडतो, तो वर्ष काढत नाही. हे काय तुला मी सांगायला हवं?”

“नवा पत्रा आहे. घसरला असेल.”

“मग बाकीचे कसे नाही घसरले? तू वाफ्यात शेणखत घातलंस. सन्झियेनेच्या पिवळ्या फुलांच्या रोपाला उपाशी ठेवायचं असतं, रेताड मातीत, भर उन्हात. तू लाड केलेस. देठ लुसलुशीत झाले, हाराला पीळच बसेना.”

“माळावरचं गवत आता ही फुलं उमलायच्या आधीच कापतात. म्हणून तर मी घरी बी पेरलं.”

“आणि माझ्या लेकाचा हार पाडलास.”

“त्याचा नव्हता तो.”

“काय?”

“त्याच्या हाराला निळा दोरा होता. तो वरच आहे.”

“पडलेल्याला लाल होता. मी पाहिलाय.”

“हो.”

“लाल कोणाचा?”

“आई, पत्रा खरंच घसरडा आहे.”

“कोणाचा, रोदिका?”

“तुमचा.”

“नक्की?”

“मीच बांधलाय.”

“मग आधी नाही का सांगायचं? सकाळपासून जीव टांगणीला लावलास माझा. डोळे पूस, तो येतोय. आणि पुढच्या वर्षी शेणखत घालू नकोस.”