बसून गेलेली बॅटरी

आमच्या धाकट्या भावाच्या स्पोर्ट्स कारचं ऐका. कुरुंदा गावच्या रस्त्यावर तिचं पोट घासतं, म्हणून ती हळदीच्या शेडमध्येच उभी असते. बॅटरी गेली तेव्हा हा वसमतच्या मिस्त्रीला म्हणतो, "ट्रॅक्टरचीच मोठी टाका, ताकद राहील."

"जागेत बसनार न्हाई. हिच्या मापाचीच घ्या."

तशी बसवली, गाडी सुरू झाली. मिस्त्री म्हणाला, "जुनीबी चांगलीच होती. एका जागी बसून मेली. रोज एक चक्कर मारत जा."

आमचे आबा शेती सोडल्यापासून दिवसभर बाजेवरच असतात. त्यांनी हे ऐकलं.

सकाळी पाहतो तर धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आबा गाडीत बसलेले.

"कुठं जायचं, आबा?" धाकट्यानं विचारलं.

"कुठंबी. मिस्त्री काय म्हनला, ऐकलं न्हाई का?"