राजेंद्रच्या नंबरावरचे जोड

वैजनाथला दुसऱ्याचं ऐकायची खोड नव्हती, पण कचेरीत बाकडं एकच, कान कुठं ठेवायचे? शेजारी हर्सूलची मुक्ताबाई आन् राजेंद्र वेल्डर बोलत बसले होते.

"भावजी, कंपनी म्हणती, रामकिसन नावाचा माणूस आमच्या पाइपलाइनवर आलाच नाय."

"आला व्हता की. गॅसचा पाइप सरहद्दीपर्यंत आम्हीच जोडत नेला. पुढचा पलीकडच्या देशानं आणायचा व्हता."

"आणला?"

"कुठलं काय. दोन्ही सरकारांचं बिनसलं. फुंकरभर गॅस गेला नाय अजून."

"मंग आमच्या ह्यांनी केलेले जोड दाखवा. तुम्हीच म्हणला व्हता, जोडाजवळ वेल्डरचा नंबर मारत्यात."

"मारत्यात. पण रामकिसन वेल्डिंगच्या परीक्षेत नापास झालता, वहिनी. माझ्या नंबरावर काम करायचा. सगळ्या जोडांवर माझाच नंबर हाय."

"आन् चर ढासळून मेले, ते कोणाच्या नंबरावर?"

"असं नका बोलू. मीच हातानं उकरून काढला त्याला. तिथंच पुरला."

"मंग खिडकीवर येऊन एवढंच सांगा. मला त्यांच्या मरणाचा दाखला पायजे. गल्लीत म्हणत्यात, हिचा नवरा दुसरी करून तिकडंच राहिला."

"सांगितलं तर नंबर दुसऱ्याला वापरू दिला म्हणून माझं वेल्डरचं कार्ड जाईल, वहिनी. मंगळवारी परत निघायचंय मला."

"त्याच लाइनीवर?"

"दुसऱ्या."

खिडकीतून आवाज आला. "मुक्ताबाई कोण? सोबत साक्षीदार आहे का?"

मुक्ताबाई उठली. राजेंद्र उठतो का, म्हणून वैजनाथनं तिरक्या नजरेनं बघितलं. तो चपलेकडं बघत बसला होता.

"नाय साहेब," मुक्ताबाई म्हणाली, "एकलीच आलेय."