मांडीवरचे सूत आणि फळ्यावरचे गणित

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय धनंजयजी, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते आपल्या विणकर संस्थेचे व्यवस्थापक श्री. मोतीलालजी, त्यांच्या जागी येणारे त्यांचे चिरंजीव भूषण, समोरचे विणकर बंधू, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या भगिनींनो,

मला पंधरा मिनिटे मिळाली आहेत. तुमसरच्या महाविद्यालयात चौतीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले, तेव्हा घंटेच्या आत थांबण्याची सवय आहे. मोतीलालजींच्या सचोटीविषयी आधीचे वक्ते बोलले. त्यातला एकही शब्द मला खोडायचा नाही. मी त्यांच्या कारकिर्दीतल्या एकाच निर्णयाविषयी बोलणार आहे. त्याचे कारण असे की तो निर्णय त्यांच्या नावावर असला, तरी त्यामागचा युक्तिवाद माझा होता.

तरुण मंडळींनी पाहिले नसेल म्हणून सांगतो. आपल्या कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, सूत पूर्वी गावातच निघत असे. ऐनाच्या झाडांवरचे कोसे उकळायचे, डाव्या हाताने पाच-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढायचे आणि उजव्या तळव्याने उघड्या मांडीवर त्यांना पीळ द्यायचा. हे काम बायकांचे. गावात तेवीस बायका ते करीत आणि त्यांत दुर्गाबाईंचे, म्हणजे मोतीलालजींच्या पत्नीचे, सूत सर्वांत एकसारखे असे. अशा बाईच्या मांडीवर हाताएवढा पट्टा टणक झालेला असतो. तिथे केस नसतात, तिथे आगही फारशी होत नाही.

दोन हजार आठ साली मोतीलालजींनी मला या सभागृहात बोलावले. परदेशी सूत बाजारात आले होते. ते घ्यावे की न घ्यावे, यावर संस्थेत दोन तट पडले होते. मी फळा मागवला आणि तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त समजावून दिला. दुर्गाबाईंचे सूत परदेशी यंत्राच्या सुताहून सरस आहे, हे मी आरंभीच मान्य केले. पण कोण सरस, हा प्रश्नच नव्हे, असे म्हणालो. प्रश्न असा की एक काम करताना आपण दुसरे कोणते काम सोडतो? दुर्गाबाई एक दिवस मागावर बसल्या, तर त्या कापडाच्या मोबदल्यात एवढे परदेशी सूत येते की ते हाताने काढायला त्यांना तीन दिवस लागतील. म्हणजे सूत काढण्यात घालवलेला प्रत्येक दिवस हा संस्थेचा तोटा. दोन देश दोन्ही कामांत असमान असले, तरी ज्याने त्याने आपले तुलनेने सोपे काम करावे आणि उरलेले विकत घ्यावे. दोघांचेही भले होते.

सिद्धान्त अचूक होता. मांडणीही अचूक होती. टाळ्या झाल्या.

दाराबाहेर ओसरीवर बायका उभ्या होत्या. सूत काढणाऱ्या बायकांना संस्थेचे सभासदत्व नव्हते. माग ज्याच्या नावावर, तोच सभासद, ही आपली जुनी रीत. त्या ओसरीवरून दुर्गाबाईंनी विचारले, "मास्तर, मंग आमी दिवसभर का कराचं?"

मोतीलालजी म्हणाले, "चूप राह्य, मोठे लोक बोलून राहिले."

मी म्हणालो, "बाई, आता आराम करा." सभागृह हसले. मीही हसलो.

माझ्या फळ्यावर मोकळ्या झालेल्या तेवीस बायका मागावर जाऊन बसल्या होत्या. गावात माग होते अकरा, आणि प्रत्येकावर एक पुरुष आधीच बसलेला होता. त्या बायका धानाच्या रोवणीच्या मजुरीला गेल्या. ही माहिती मला एका प्रश्नात मिळाली असती. तो प्रश्न ओसरीवरून विचारला गेला होता, आणि मी त्याची थट्टा केली.

ठराव अमलात कसा आणावा, याचीही मोतीलालजींनी आपल्या पद्धतीने तजवीज केली. मला म्हणाले, "आपली घरची मानली, तर बाकीच्या मानतीन." त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या घरातले सूत बंद केले.

न्यायाने बोलायचे तर पुढची अकरा वर्षे आकडे माझ्या बाजूने होते. पातळे दुप्पट निघाली. भूषणचे शिक्षण त्यातच झाले. सिद्धान्ताने दिलेला शब्द पाळला नाही, असे मी म्हणणार नाही.

दोन हजार वीसच्या आरंभी परदेशी सूत यायचे थांबले. कारण आपण सर्व जाणतो. नागपूरच्या व्यापाऱ्याची बत्तीस पातळांची मागणी अर्धवट राहिली होती. मोतीलालजींनी बायकांना पुन्हा बसायला सांगितले. तोवर तेवीसपैकी नऊच उरल्या होत्या. त्या बसल्या.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत नऊही जणींच्या मांड्या सोलल्या. उकळलेल्या कोशाचे पाणी त्यावर लागले की काय होते, त्याचे वर्णन मी करीत नाही. आठ जणी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. दुर्गाबाई आल्या. उजव्या मांडीला फडके बांधून त्यांनी डाव्या मांडीवर सूत काढले. डावी सोलली तेव्हा पुन्हा उजवी घेतली. त्यांना साखरेचा आजार होता. हे मोतीलालजींना ठाऊक होते, पण जखम किती खोल आहे, हे दुर्गाबाईंनी त्यांना कळू दिले नाही. सात पातळे पुरी झाली. मे महिन्यात नागपूरला त्यांचा उजवा पाय मांडीतून काढावा लागला.

मी भेटायला गेलो. सांत्वनाचे काही शब्द तयार करून नेले होते. त्यांनी ते बोलू दिले नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, कातडी का लुगडं आहे? पेटीत घडी करून ठेवलं, अन सणाले काढून नेसलं?"

त्या प्रश्नावर मी पाच वर्षे विचार केला आहे. माझ्या युक्तिवादातले गृहीतक त्यांनी नेमके दाखवले होते. मी धरून चाललो होतो की सोडलेले काम आपली वाट पाहत थांबते. बाहेरचा माल थांबला, की आपण मागे फिरू. हे मी सिद्ध केले नव्हते. फळ्यावर लिहिलेही नव्हते, म्हणून कोणाला ते पुसताही आले नाही.

आता आजचा विषय. चहानंतर सर्वसाधारण सभा आहे. उरलेले सहा माग विकावेत आणि बाहेरून तयार कापड आणून विकावे, असा भूषणचा ठराव आहे. मागच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. मुलगा प्रामाणिक आहे, हे मी मुद्दाम सांगतो. म्हणाला, "सर, थिअरी तर तुमचीच आहे. कापड बाहेरून स्वस्त येऊन राहिलं, मंग मागावर कायले बसाचं? तुम्ही पाच मिनिटं बोलून द्या, लोकं हात वर करतीन."

सहा मागांपैकी एक मोतीलालजींचा आहे. व्यवस्थापकाच्या खुर्चीमुळे तो पुतण्याच्या हाती होता. उद्यापासून आपण स्वतः त्यावर बसणार, असे त्यांनी मला सांगितले. त्यांना त्या मागाखेरीज निवृत्तीत दुसरे काही नको आहे. आपण आत्ता त्यांच्या खांद्यावर शाल घातली. तासाभराने तो माग राहतो की जातो, हे आपण ठरवणार आहोत. मुलाने मांडलेल्या ठरावावर त्यांनी तोंडातून शब्द काढलेला नाही, आणि ते काढणारही नाहीत.

भूषण, तुझे आकडे मी दोनदा तपासले. ते बरोबर आहेत. तरीही ती पाच मिनिटे मी तुला देऊ शकत नाही. सुताच्या वेळी आपल्याकडे नऊ बायका उरल्या होत्या आणि मी तर सगळे हात कायम राहतील असे धरून चाललो होतो. माग विकल्यावर विणणारे हात किती वर्षे टिकतात, याचा आकडा तुझ्या कागदात नाही. तो तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. जो आकडा ठाऊक नाही तो शून्य धरायचा, ही चूक मी एकदा केली आहे.

ठराव फेटाळा, असे सांगण्याचा मला अधिकार नाही. मी सभासद नाही. अध्यक्षांना एवढीच विनंती करतो, की हात वर करायला सांगण्यापूर्वी मागच्या भिंतीशी बसलेल्या दुर्गाबाईंना या सभेत बोलायला सांगावे. त्या काय म्हणतील, मला माहीत नाही. कदाचित त्या मुलाच्याच बाजूने बोलतील. तसे झाले तर मी मान्य करीन. नियमाप्रमाणे त्या आजही सभासद नाहीत. नियम आड येत असेल, तर माझ्या वाट्याची चार मिनिटे उरली आहेत, ती त्यांना द्यावीत.

मोतीलालजी, सतरा वर्षे तुम्ही मला एका शब्दाने दोष दिला नाहीत. त्याबद्दल आभार मानणे मला जमत नाही. तुम्ही दिला असतात, तर मी हे भाषण पाच वर्षांपूर्वीच केले असते. इथे बोलावल्याबद्दल संस्थेचा, आणि शांतपणे ऐकल्याबद्दल सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणे राहिले असेल, तर या वेळी कृपा करून पोटात घालू नका. तोंडावर सांगा. दुर्गाबाई, सुरुवात तुमच्यापासून.