ललिता आणि बिजली मोंबासाच्या बोटीवर

हॅलो?… हो, परळचाच दवाखाना… डॉक्टर जेवायला गेलेत, मी कौसल्या बोलतेय, इथली आया… पुण्याहून ट्रंक कॉल? माझ्यासाठीच? द्या, द्या…

चंपा? जय भीम गं… हो, येतंय ऐकू, बोल… गेली. सकाळी दहाला बोट सुटली. तुझी भाची मोंबासाच्या शाळेत गणित शिकवायला गेली बघ…

बिजली? तीपण गेली की… अगं, ललिता सोडते कुठली तिला. हे म्हणाले, पोरी, कुत्री चाळीतच राहू दे, मी घालत जाईन भाकर. ऐकेना. संयुक्त महाराष्ट्रापायी लालबागला गोळीबार झाला ना, तेव्हा हिनंच ते पिल्लू पदरात गुंडाळून आणलेलं, पाय मोडलेलं… हो, लंगडते अजून…

तर हिनं तिथल्या मोठ्या बाईंना पत्र लिहिलं, येईन ती कुत्रीसकट, नाहीतर दुसरी शिक्षिका बघा… मग, मलाही तसंच वाटलं. हातची नोकरी घालवते म्हणून दोन दिवस बोलले नाही तिच्याशी… आलं ना उत्तर. घराला अंगण आहे, आणा म्हणाल्या. मग इथल्या जनावरांच्या इस्पितळात नेऊन सुई टोचली, दाखला घेतला, बोटवाल्यांची परवानगी काढली…

हो, हो… अगं ऐक ना, खरी गोष्ट तर गोदीवर झाली…

रांगेत आम्ही तिघं. हिच्या एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात बिजलीची दोरी. अंगावर साधं सुती पातळ. टेबलामागच्या साहेबानं मान वर केली न् म्हणाला, आयांनी बाजूला थांबायचं, तुझ्या मेमसाहेबाला पाठव, कुत्रीचे कागद तिच्याकडे असतील… हो गं, आया समजला तिला…

मी? मी तर बाजूला सरायलाच लागले. दवाखान्यात लागण्याआधी बारा वर्षं मी तेच केलं ना, चंपा. मेमसाहेबाची कुत्री फिरवली. घटकाभर मलाच वाटलं, आपणच चुकून भलत्या रांगेत उभे राहिलो…

ती? ती नाही डगमगली. आवाजही चढवला नाही. पासपोर्ट टेबलावर ठेवला न् म्हणाली, "मेमसाहेब कुणी नाही. शिक्षिका मी आहे, आणि कुत्री माझी आहे."… इंग्रजीत गं. मला 'टीचर' कळलं, 'माय डॉग' कळलं. बाकीचं तिनं नंतर सांगितलं…

मग काय, पानं उलटली त्यानं. शाळेचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मागची माणसं माना लांब करून बघतायत… माफी? तोंडानं नाही मागितली. पण उठून उभा राहिला, न् दोन्ही हातांनी कागद परत दिले तिला…

रडले ना. बोट हलल्यावर. हेही रडले. तीस वर्षं गिरणीत मागावर उभा राहिलेला माणूस, बायकांसारखं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता… अगं, पण ते नंतर. आधी बोटीच्या शिडीपाशी काय झालं ते सांगू दे…

कोण?… तीन मिनिटं झाली? एक्स्चेंजच्या ताई, एवढं एकच बोलू द्या हो, बहीण आहे माझी…

चंपा, शिडीपर्यंत घरचं एकच माणूस सोडत होते. ह्यांनी मला पुढं केलं. तिथं तोच साहेब. मला विचारतो, "तुम्ही कोण?"… 'तुम्ही' म्हणाला, ऐकलंस?… अन् मी कधी साहेबापुढं इंग्रजी शब्द तोंडात घेतलाय का? पण पदर नीट केला, ताठ उभी राहिले न् म्हटलं, "मी टीचरची आई."

हॅलो?… चंपा, ऐकलंस ना?… हॅलो?…