खणांच्या कपाटाची डावी बाजू

जाळली? सगळी? अहो नोझावासान, मूठभर तरी उरली असतील की! दुकानाच्या कोपऱ्यात, रंध्याच्या तोंडात अडकलेली, तुमच्या त्या मांजराच्या टोपलीत — नाही? बंबात घातली. म्हणजे माझ्या बायकोच्या कपाटावरून निघालेल्या सालपटांवर तुमच्या घरच्यांनी अंघोळी केल्या. वा! पाणी छान कढत होतं ना? — नाही, नाही, उठू नका. चिडलो नाही मी. बसा हो. चहा निवला, दुसरा ओततो. तुमची काय चूक, रंधा मारला की सालपटं निघणार आणि निघाली की कुणीतरी जाळणार, किरीची सालपटं कशी भराभरा पेटतात मला ठाऊक आहे. पण आज दुपारी चिझुको घरी येतेय. इस्पितळातून. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तिकडेच होती, आज तिची बहीण मित्सुए तिला टॅक्सीनं घेऊन येणार, आणि ती दारात चपला काढेल, काठी टेकत टेकत सरळ या कपाटाशी येईल — कोटसुद्धा काढायची नाही, मी सांगतो ना — आणि डाव्या बाजूला हात लावेल. आणि तिथे काही नाहीये. बघा तुम्हीच, हात फिरवा. लोण्यासारखं. लोण्यासारखं केलंय हो तुम्ही, तीच तर पंचाईत झालीय!

अं हं! तो खालचा खण लोटू नका — गेली. पडली ना ती खेळण्यातली अँब्युलन्स! राहू दे, राहू दे, मी उचलतो. सकाळपासून चौथ्यांदा पडली ती. तुमचं काम चोख आहे, त्याला नाव ठेवायला जागा नाही: एक खण आत लोटला की आतली हवा कोंडते आणि वरचा खण आपोआप बाहेर येतो. खऱ्या कारागिराची खूण आहे म्हणे. असेल. पण पूर्वी हे खण कसे खुळखुळे झाले होते, हवे तिथे थांबायचे. चिझुको खालचा खण पुरता बाहेर काढायची, त्याच्या वरचा जरा कमी, त्याच्या वरचा आणखी कमी — अशी पायऱ्या-पायऱ्यांची उतरंड, आणि प्रत्येक पायरीवर तिच्या गाड्या. लग्नातले किमोनो केव्हाच काढून पेटीत कोंबले तिनं. आता मी एक खण लावतो तर दुसरा जीभ काढतो. अख्खी सकाळ मी या कपाटाशी झोंबी खेळतोय आणि पाच-सहा गाड्यांची चाकं वाकडी करून बसलोय.

हो, सगळ्या गाड्याच. तुमच्या लक्षात आलं! माझ्या कधी आलं नव्हतं बघा. पत्र्याच्या बस, आगीचा बंब, दुधाची गाडी, ती तीन चाकांची मालगाडी, ही खिडकीत कंडक्टरबाई रंगवलेली. लोक बाहुल्या जमवतात, यंत्रमानव जमवतात, ही बाई फक्त चाकं जमवते. देवळाच्या जत्रेत जुन्या सामानाची दुकानं लागली की मी भाजलेले मासे खात उभा, आणि ही गुडघ्यावर बसून गंजलेल्या ढिगाऱ्यात हात घालतेय. मागे एक बातमीदार आला होता, जुन्या कपाटात खेळणी मांडायची आता फॅशनच आहे म्हणाला, फोटो काढले, आणि विचारलं, काकू, फक्त गाड्याच का हो? तर ही हसली आणि म्हणाली, चाकं आवडतात. मीही हसलो. मी तिचा नवरा, मलाही तेवढंच ठाऊक. आणि सगळ्या गाड्यांची तोंडं डावीकडे का? तेही मी विचारलं नाही. परवा परत मांडल्या तेव्हा मी शहाण्यासारखी सगळ्यांची तोंडं समोर केली. म्हटलं, बघणाऱ्याकडे तोंड असावं, माणसानं कसं रीतीनं राहावं!

तुम्हाला वाटत असेल म्हातारा एवढा का कासावीस झालाय. आपल्या कामो गावात हे काही नवीन नाही, मुलगी झाली की बापानं किरीचं झाड लावायचं, लग्नात तेच तोडून कपाट करायचं, आणि कपाट काळं पडलं की रंधा मारून पुन्हा नवं करायचं. आजीचं कपाट नातीच्या लग्नात नवंकोरं. मी तेच केलं! चिझुकोच्या बापानं तिच्या जन्माला लावलेलं झाड आहे हे. काळंकुट्ट झालं होतं, त्यात त्या रंगीत गाड्या म्हणजे अंधारात दिवे लावल्यासारख्या. म्हटलं, ती येईपर्यंत उजळून ठेवू, खूष होईल. आणि तुम्ही — अहो, तुम्ही तरी बघायचं! डाव्या बाजूला एवढी मोठी रेघ होती, खालून वर गेलेली, वळणावळणाची, लेकराच्या हातची — पोराने गाडी घासत नेल्याची रेघ, आंधळ्यालासुद्धा बोटानं कळली असती. तुम्ही एवढे नावाजलेले, गावभर लोक सांगतात नोझावाचा रंधा म्हणजे रंधा, तुम्हाला एकदा विचारावंसं वाटलं नाही, की इशिगुरोसान, हे ठेवू की काढू?

...

हो. विचारलंत.

विचारलं होतंत. बरोबर आहे. दारातच विचारलंत, आणि मी — काय म्हणालो मी? जाऊ दे, सांगू नका, मला आठवतंय. बोट ठेवून दाखवलं होतं मी तुम्हाला. इथून इथवर. म्हटलं, ही बाजू जरा खोल घ्या, दोनदा रंधा लागला तरी चालेल, हे पुरतं जाऊ दे. तुम्ही मान डोलावलीत आणि कपाट गाडीत घातलंत. तुम्ही काही चुकला नाहीत हो. हात दाखवून अवलक्षण केलं ते मीच. सकाळपासून मनात तुम्हाला शिव्या घालतोय, कारण तुम्ही समोर आहात आणि तुम्हाला शिव्या घालणं सोपं आहे. घ्या, चहा घ्या. ही मुळ्याची लोणची चिझुकोच्याच हातची आहेत, शेवटची बरणी.

आमचा तामोत्सु. तुम्ही त्याला बघितलं नसेल, तेव्हा तुम्ही गावात नव्हता. शाळेत जायचा होता त्या वसंतात. काळं दप्तर आणून ठेवलं होतं, तो ते पाठीला लावून घरभर फिरायचा, मागून बघितलं तर दप्तराला पाय फुटलेत असं वाटायचं. त्याच्या आधीच्याच थंडीत ताप आला आणि डोक्यात गेला. मी बस चालवायचो, स्टेशन ते कुरोमाता, आणि त्या दिवशी वर घाटात बर्फानं रस्ता बंद, मी कुरोमात्यात अडकलो. खाली आलो तेव्हा सगळं आटपलं होतं. बर्फ पडलं तर त्यात माणसाचा काय दोष? सगळे हेच म्हणाले. तीही म्हणाली. एकदाच म्हणाली, पुन्हा तो विषय नाही. पण रोज सकाळी, नोझावासान — रोज! भात शिजत लावायचा, या कपाटासमोर गुडघ्यावर बसायचं, आणि त्या रेघेवरून बोट न्यायचं. अगदी खालून. हळू. वळण आलं की हळू, पुन्हा पुढे, पुन्हा वळण, आणि तिथे वर, लेकराचा हात जिथवर पोचायचा तिथे रेघ संपायची आणि तिचं बोट थांबायचं. आणि मग ती मान वळवून माझ्याकडे बघायची. नुसती बघायची. आणि मग म्हणायची, भात झाला. मी वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचो. तुम्हीच सांगा, असं रोज कुणी बघितलं तर माणसाला काय वाटेल? मला वाटायचं, ती विचारतेय. कुठे होतात तुम्ही. रोज सकाळी तेच, भाताच्या आधी.

वीट आला हो मला. आता बोललोच आहे तर सगळंच ऐका. वीट आला. ती इस्पितळात गेली आणि घरात पहिल्यांदा ती सकाळ उगवली नाही. आणि मला बरं वाटलं! मग लाज वाटली, आणि मग म्हटलं, रेघच नसली तर? बोट कुठे जाईल? एखाद्या सकाळी ती उठेल आणि मला विचारेल, गुडघा दुखतोय का तुमचा, आज काय खायचं. एवढंच हवं होतं मला. एक साधी सकाळ. म्हाताऱ्या माणसाने एवढं मागू नये का? म्हणून तुम्हाला बोलावलं. वरून पुन्हा सोंग, की तिला खूष करतोय.

तर आज सकाळी फोन आला. तिचाच. आवाज कसा मोकळा, पोरीसारखा. म्हणाली, डॉक्टर सोडतायत, मित्सुए आलीय न्यायला. मी म्हटलं, ये. मग म्हणाली — थांबा, नीट सांगतो — म्हणाली, अहो, माझं एक काम करा, मी पोचेपर्यंत धीर नाही. कपाटापाशी जा आणि त्याला कुरोमात्याला सोडून या. मला कळेचना. म्हटलं, कुणाला? तर हसली. म्हणाली, तुमचीच बस आणि तुम्हालाच ठाऊक नाही? रस्ता नाही का तो, स्टेशनावरून निघतो, पुलाचं वळण, टोफूवाल्याचं वळण, गरम झऱ्यापाशी जरा थांबतो, मग घाट. रविवारी तुमच्या मागच्या सीटवर बसून पाठ केला होता त्यानं. बाबांची बस बाबांची बस करत कपाटावरून न्यायचा गाडी. रोज सकाळी मीच नेऊन सोडते, आणि पोचलो की तुमच्याकडे बघते. तुम्ही कधी बघितलं नाही का हो?

तुम्ही कधी बघितलं नाही का हो. असं विचारलं. फोन माझ्या हातात, आणि समोर हे पांढरंशुभ्र कपाट, वास मारतंय नव्या लाकडाचा. मी म्हटलं, हो हो, सोडून येतो. खोटं बोललो! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. इतकी वर्षं बाई मला सांगत होती की पोचला तुमच्यापाशी, आणि मी समजत होतो की मला फासावर चढवतेय. आणि मी तो रस्ता मजुरी देऊन सोलून घेतला, नोझावासान. दोनदा रंधा मारून.

म्हणून तुम्हाला घाईनं बोलावलं. सालपटं मिळाली असती तर चिकटवली असती — नाही चिकटत, ठाऊक आहे मला! हसू नका. — हसला नाहीत, बरं. मग दुसरं ऐका. ही त्याची गाडी. बघा, या चाकाची टोपी निघालीय, कांब बाहेर आलीय, हिनंच ओरखडा पडायचा. रस्ता मला पाठ आहे. मी जन्मभर चालवलाय तो, डोळे बांधा आणि विचारा. तुम्ही फक्त लाकडाला काळा हात द्या, जुनं दिसेल असं, तुम्हाला येतं ते, आणि मी ओढतो. इथून स्टेशन. असं. कर्र वाजतं बघा, हाच आवाज, तेव्हाही हाच — आणि हे पुलाचं — गाडी घसरली. धरा जरा हे मनगट. पूल इथे की अजून वर? त्याचा हात केवढा होता हो? कुठवर पोचायचा? माझ्या कमरेला डोकं लागायचं त्याचं, की त्याच्याही खाली? वळणं सगळी पाठ आहेत, नोझावासान, पण त्याची उंची... मला त्याची उंची आठवत नाही. तिच्या बोटाला आठवते. माझं बोट कधी गेलंच नाही त्यावरून.

सोडा. सोडा मनगट. ठेवतो खाली, हे बघा ठेवली. तुम्ही मान हलवताय ते बरोबर आहे. पहिल्या वळणालाच ओळखेल ती. सासऱ्याच्या झाडावर म्हाताऱ्याची खोटी रेघ! आणि ओळखूनही काही म्हणायची नाही, भात झाला म्हणेल, ते तर मला मुळीच सोसायचं नाही. ही एवढी ओढली ती राहू दे. नका पुसू. कशी दिसतेय? वाकडी. दिसू दे वाकडी.

गाडी थांबली का बाहेर? थांबली. मित्सुएचा आवाज. दार लावलं. नोझावासान, तुम्ही निघा आता. मागच्या दारानं, हो, स्वयंपाकघरातून, चपला घ्या हातात. नाही, माफीबिफी नको, तुम्ही काय केलंय? जा म्हणतो ना! तुम्ही इथे असलात तर मी तुमच्यावरच ढकलेन, मला ठाऊक आहे मी कसा आहे ते. जा.

— आलीस? जपून, उंबरा आहे. मित्सुए, तू जरा बाहेरच थांब गं. चिझुको, इकडे बघ. नाही, कपाटाकडे नको, माझ्याकडे. हात लावू नकोस अजून. आधी माझं ऐक.