दाराकडे तोंड

आमच्या सासऱ्यांना, अण्णांना, साधं समजू नका हं! पुण्यात हवालदार होते, निम्मी नोकरी साध्या कपड्यांत. इकडे परदेशात, पोरिरुआला आमच्याकडे आले होते, तेव्हा शेजारचा ग्रेग त्याचा लाडका जुना काउबॉय सिनेमा घेऊन आला. खाणीचं गाव, गुंडांचं राज्य, आणि दोन नवे मजूर कामाला लागतात.

पाच मिनिटांत अण्णा म्हणाले, "हे दोघं पोलीस आहेत."

मी ग्रेगला इंग्रजीत सांगितलं. तो उडालाच. "ते तर खूप नंतर कळतं! यांनी कसं ओळखलं?"

"दोघंही दाराकडे तोंड करून जेवतायत. दमलेला मजूर ताटाकडे बघतो." मग अण्णा हळूच म्हणाले, "आणि याला विचार, आल्या आल्या यानं खुर्ची दाराकडे का फिरवली?"

विचारलं. तीन वर्षं 'ऑफिसात होतो' म्हणणारा ग्रेग लालबुंद झाला. "पोलिसात होतो. साध्या कपड्यांतला."

अण्णा ताडकन उठले, टाचा जुळवल्या. "जय हिंद, साहेब!"

ग्रेगला मराठी ओ की ठो कळत नाही. पण त्याचा सॅल्यूट माझ्या भाषांतराच्या आधी आला.