आजोबांच्या वेळची घंटा

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बाई बसल्या होत्या. बाजूच्याच बाकावर जुंपली होती. एकीकडे सोडवून आणलेली जनावरं सांभाळणाऱ्या आश्रमातल्या मावशी, दुसरीकडे त्यांनी आणलेल्या गाईचा जुना मालक.

“गाय ठेवा तुमच्याकडे, मावशी. माझी घंटा तेवढी द्या. पितळेची आहे, आजोबांच्या वेळची.”

“गाय आटली तशी रस्त्यावर सोडलीत, तेव्हा नाही आठवली घंटा?”

“मग काय बिनदुधाची गाय मांडीवर घेऊन बसू?”

“नका बसू. ती घंटेची दोरी कधी बांधली होती?”

“वासरू होती तेव्हा. मीच बांधली, हौसेनं.”

“आणि सैल कधी केलीत?”

“सैल? म्हणजे?”

“अहो, वासराची गाय झाली! मान वाढते, दोरी वाढते का?”

“कधी तक्रार नाही केली तिनं.”

“अर्ज द्यायला हवा होता का तिनं तुम्हाला?”

“उगाच राईचा पर्वत करू नका. घंटा द्या, मी निघतो.”

तेवढ्यात आतून कंपाउंडर ट्रे घेऊन आला.

“निघाली एकदाची, मावशी. दोरी मांसात रुतली होती. कापूनच काढावी लागली.”

मावशींनी ट्रे मालकापुढे धरला.

“घ्या आजोबांची घंटा. पुसून मिळणार नाही.”

मालकाचा हात पुढे होईना.

बाईंनी हळूच टोपलीचं झाकण उघडलं आणि मांजराच्या गळ्यातल्या पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं.

बोट जाईना.